प्रसूती रजेनंतरची बडतर्फी : १९२८ च्या विधेयकापासून ताडकळसपर्यंत

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातील, आज पूर्णा तालुक्यात मोडणारे गाव. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीच्या विधेयकावर चर्चा चालली होती, तेव्हा हे गाव त्या कौन्सिलाच्या कक्षेबाहेर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. मुंबईच्या गिरणीतील बाईला १९२९ मध्ये कायद्याने जे थोडेबहुत दिले, त्यावर ताडकळसच्या बाईचा काडीचाही हक्क नव्हता. दोघी एकच भाषा बोलत होत्या, पुष्कळदा एकाच जातीच्या होत्या. तरीही एकीच्या बाळंतपणाला कायदा होता आणि दुसरीच्या बाळंतपणाला नव्हता. सरहद्दीची ती रेघ आता पुसली गेली आहे. कामाच्या स्वरूपाने आखलेली दुसरी एक रेघ मात्र अजून टिकून आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच आहे.

प्रश्न साधा आहे. कामकरी स्त्री बाळंतपणासाठी घरी बसते आणि काही आठवड्यांनी परत येते. तेव्हा तिची जागा तिच्यासाठी राखलेली असते काय? बाळंतपणाच्या काळात पैसे मिळणे ही एक गोष्ट आहे आणि नंतर काम मिळणे ही दुसरी. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची चर्चा फार झाली, दुसरीची कमी. वस्तुतः पहिली गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे. जिला भत्ता द्यावा लागेल तिला आधीच कामावरून काढून टाकले, तर भत्त्याचा प्रश्नच उरत नाही.

मुंबईचे विधेयक

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूती संरक्षणाचा करार संमत केला. त्यात दोन कलमे महत्त्वाची होती. बाळंतपणाच्या काळातील निर्वाहाचा खर्च सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून व्हावा, हे एक. स्त्री या कारणास्तव गैरहजर असताना तिला कामावरून काढण्याची नोटीस देणे, अथवा त्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणे, बेकायदेशीर ठरावे, हे दुसरे. म्हणजे पैसा कोणी द्यावा आणि नोकरी कशी राखावी, या दोन्हींचा विचार तिथे एकत्र झाला होता. भारताने तो करार तेव्हा मान्य केला नाही आणि आजतागायत केलेला नाही. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. तेही फेटाळले गेले.

मुंबईत हा प्रश्न पुन्हा उभा केला तो आसवले यांनी, १९२८ साली. हे विधेयक बाबासाहेबांनी मांडले असे आपल्या सभांतून अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही, आणि बाबासाहेबांच्या थोरवीला अशा अतिशयोक्तीची गरजही नाही. विधेयक आसवले यांचे होते. कौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद असलेल्या बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले, आणि त्या भाषणातील युक्तिवाद मूळ विधेयकापेक्षा पुढचा होता. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी म्हटले. मग जनतेचे कल्याण राखणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मालकाला मात्र त्यांनी मोकळे सोडले नाही. पुरुषांऐवजी स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाला जास्त फायदा दिसतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो. तेव्हा त्या फायद्याबरोबर काही जबाबदारीही त्याने घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या भाषणातून मालकावर जबाबदारी टाकण्याचा भाग तेवढा आपण लक्षात ठेवला आणि सरकारच्या वाट्याचा भाग विसरलो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला तोही अर्धाच ऐकून झाला. दिवसाला आठ आण्यांच्या हिशोबाने काही आठवड्यांचा भत्ता द्यायचा आणि तो सर्वस्वी मालकाने द्यायचा, असे ठरले. सरकारने त्यात एक पैसाही घातला नाही. पुढच्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात याच धर्तीचा कायदा झाला, आणि नागपूरच्या गिरण्यांतील स्त्रिया त्याखाली आल्या.

सगळा भार एकट्या मालकावर पडल्यावर जे व्हायचे तेच झाले. बाई गरोदर असल्याचे दिसू लागताच तिला कामावरून कमी करायचे, शक्यतो विधवा अथवा मूल होण्याचे वय उलटलेल्या बायकाच ठेवायच्या, ही तक्रार त्या काळच्या सरकारी पाहण्यांतून पुनःपुन्हा येते. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. नंतरच्या दशकांत हे प्रमाण सारखे घटत गेले. या घसरणीचे खापर एकट्या प्रसूती कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीची बंदी, यंत्रांची फेररचना, रिळे भरण्याच्या खात्यांतील कपात ही कारणेही होती. पण ज्या मालकाला स्त्रीला ठेवण्याचा खर्च दिसत होता आणि तिला काढण्याचा काहीच खर्च नव्हता, तो काय करील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

नागपूरच्या ठरावापासून मजूर खात्यापर्यंत

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, बाबासाहेब उपस्थित होते, आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. या परिषदेच्या ठरावांचे वाचन आज पुन्हा व्हायला हवे. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी त्यांत होती. त्या सभेतील बहुसंख्य स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. तरीही रजा, भरपाई आणि पेन्शन ही मागणी त्यांनी एकाच दमात केली. वीस वर्षांची नोकरी मागणाऱ्या स्त्रीने मधली बाळंतपणे जमेस धरूनच ती मागितली होती हे उघड आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात या पिढीच्या स्त्रियांची नोंद करून ठेवली, हे आपल्यावरचे मोठेच उपकार आहेत.

त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणीतील स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता. २९ जुलै १९४३ रोजी त्यांनी त्यात दुरुस्ती मांडली आणि भत्ता नेमका कोणत्या दिवसांचा मिळतो याबद्दलची संदिग्धता दूर केली. १९४५ मध्ये जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक दुरुस्ती झाली. एक अवघड गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना भूमिगत कामावर घेण्यावरील बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, आणि त्या निर्णयाचा बचाव मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात करावा लागला. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. हा प्रसंग चरित्रकार लवकर आटोपतात. तो लपवण्याचे कारण नाही. खाली उतरलेल्या स्त्रीला प्रसूतीचे संरक्षण वाढवून देणारी दुरुस्ती त्याच मंत्र्याच्या खात्यातून आली, हेही त्याच प्रकरणाचे दुसरे पान आहे.

याहून दूरगामी काम आरोग्य विम्याचे होते. प्रा. अदारकर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या अहवालावरून मजूर खात्याने विम्याची योजना आखली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याची रचना नीट पाहिली म्हणजे १९२८ च्या भाषणाची आठवण होते. प्रसूती लाभ एका मालकाच्या खिशातून न जाता सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून जातो. शिवाय त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने, स्त्री हा लाभ घेत असेपर्यंत तिला बडतर्फ करणे, कमी करणे वा शिक्षा करणे यास मनाई केली, आणि त्या काळात दिलेली नोटीस निरर्थक ठरवली. म्हणजे १९१९ च्या वॉशिंग्टन करारातील दोन्ही कलमे एका भारतीय कायद्यात प्रथमच शेजारी बसली. दुर्दैव इतकेच की विमा योजना जिथे लागू केली तिथेच लागू होते, आणि शेतीला ती कधीच लागू नव्हती.

बाराव्या कलमाचा इतिहास

संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदाने कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. त्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम झाला. त्याचे बारावे कलम म्हणजे आपल्या विषयाचा गाभा. कायद्याप्रमाणे गैरहजर असलेल्या स्त्रीला त्या गैरहजेरीच्या काळात अथवा त्या कारणावरून काढणे बेकायदेशीर. तिच्या नोकरीच्या अटी तिचे नुकसान होईल अशा बदलणेही बेकायदेशीर. गरोदरपणी काढले तरी, एरवी मिळणारा भत्ता बुडत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी आदेशाने. अपिलासाठी साठ दिवस.

या कलमाची शक्ती आणि उणीव दोन्ही ‘त्या कारणावरून’ या शब्दांत आहेत. रजेच्या मध्यात काढणारा मालक मूर्ख म्हणायचा. शहाणा मालक बाईला परत येऊ देतो, महिना-दोन महिने जाऊ देतो, आणि मग काम समाधानकारक नाही, जागा कमी झाली, नवी माणसे जास्त चपळ आहेत, असे काही कागदावर आणतो. आता हे रजेच्या कारणावरून झाले हे सिद्ध कोणी करायचे? तिनेच. तिच्याजवळ पुरावा काय? तिचे तान्हे मूल. २००० साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने केलेल्या नव्या करारात नेमकी हीच फट बुजवली आहे. कामावर परतल्यानंतरच्या ठरावीक काळातही स्त्रीला काढता येणार नाही. काढलेच तर त्याचे कारण बाळंतपणाशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. आणि तिला तीच अथवा तिच्या तोडीची जागा परत मिळाली पाहिजे. भारत या करारातही सामील नाही.

न्यायालयांनी मात्र बाराव्या कलमाचा आत्मा अधूनमधून जागा ठेवला. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरीतून काढण्याचा नियम मनमानी म्हणून रद्द केला, जरी तिसऱ्या अपत्याच्या वेळची अट त्याने चालू दिली. आयुर्विमा महामंडळाचे प्रकरण अधिक बोलके आहे. १९८९ च्या सप्टेंबरात परिविक्षाधीन म्हणून लागलेली एक तरुणी डिसेंबरात प्रसूती रजेवर गेली, जानेवारी १९९० मध्ये तिला मूल झाले, आणि १३ फेब्रुवारीला, ती अजून रजेवर असताना, तिला काढून टाकण्यात आले. दोष काय, तर नोकरीच्या अर्जात मासिक पाळीविषयी विचारलेल्या माहितीत तिने चूक केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला परत कामावर घेण्याचा आदेश दिला आणि असले लज्जास्पद रकाने अर्जातून काढून टाकण्यास महामंडळाला सांगितले. कारण दाखवायचे वेगळे आणि खरे वेगळे, ही युक्ती न्यायालयाने ओळखली असे म्हणता येईल.

आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा वाटावा असा निकाल ८ मार्च २००० चा आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या रस्त्यांच्या कामावर हजेरीपटावर राबणाऱ्या रोजंदारी स्त्रिया त्यात होत्या. कायम नोकरांनाच रजा, यांना नाही, असे पालिकेचे म्हणणे. न्यायालयाने ते झिडकारले आणि खडी फोडणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या बाईचे बाळंतपण कार्यालयातील बाईच्या बाळंतपणापेक्षा कमी नाही, असा आशय स्पष्ट केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका रुग्णालयातील कंत्राटी महिला डॉक्टरचे प्रकरण आले. १ जून २०१७ पासून तिने रजा मागितली. कंत्राट ११ जूनला संपत होते. रुग्णालयाने अकरा दिवसांचा लाभ देऊ केला. कंत्राट संपले तरी लाभ संपत नाही, पूर्ण सव्वीस आठवड्यांचा द्या, असे न्यायालयाने सांगितले. तिला नोकरी मात्र त्या निकालाने परत मिळाली नाही, कारण कंत्राटाची मुदत मुळात संपलीच होती. आज सुशिक्षित बौद्ध मुलींच्या वाट्याला येणाऱ्या नोकऱ्या बहुतेक अशाच, अकरा महिन्यांच्या कंत्राटाच्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे मोल आणि मर्यादा दोन्ही कळतात.

ताडकळसच्या अंगाने

आता पुन्हा ताडकळसकडे येऊ. परभणी हा कापसाचा जिल्हा. जिनिंगमध्ये सरकी निवडणाऱ्या आणि गाठींच्या कामावर असणाऱ्या बायकांचे काम हंगामी. १९६१ च्या कायद्यात लाभासाठी मागील बारा महिन्यांत किती दिवस काम केले पाहिजे, ही अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती १६० दिवसांवरून ८० दिवसांवर आणली. कागदावर ही एका आकड्याची दुरुस्ती. पण चार-पाच महिन्यांच्या हंगामात राबणारी बाई १६० दिवस कुठून आणणार? ८० दिवसांनी तिच्यासाठी प्रथमच दार उघडले. तिचे नाव हजेरीपटावर खरे लिहिले गेले तर.

शेतात खुरपणी-वेचणी करणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच पटावर नसते. बीड-परभणीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीची गत त्याहून विचित्र. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, दोघांवर मिळून उचल. ती बाळंतपणात बसली तर तिला कोणी काढून टाकत नाही. खाडा लागतो, आणि उचल अंगावर राहते. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता पैसे पोचवणारा. बडतर्फीविरुद्धच्या संरक्षणाला आधी मालक सापडावा लागतो. जिला मालकच नाही तिला बारावे कलम काय देणार? येथे १९२८ मधले बाबासाहेबांचे म्हणणे, की हा भार मोठ्या अंशाने सरकारने उचलावा, सर्वांत अधिक लागू पडते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची केली ती योग्यच केली, पण विमा नसलेल्या ठिकाणी तिचा पैसा पूर्वीप्रमाणे एकट्या मालकावर ठेवला. रजा वाढली तशी बाईला न घेण्याची ओढही वाढली.

धम्माच्या अभ्यासकांना येथे सिगालोवाद सुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. धन्याने सेवकांप्रती पाच प्रकारे वागावे, असे भगवंतांनी सिगालाला सांगितले: शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, चांगल्या पदार्थांत वाटा, आणि योग्य वेळी सुट्टी. त्यात प्रसूती रजा शोधणे हा ओढूनताणून काढलेला अर्थ होईल. मात्र सुट्टी दिली तरी सेवक सेवकच राहतो, त्याचे नाते तुटत नाही, हे त्या उपदेशात गृहीत धरलेले आहे.

गावात पगारी नोकरी करणाऱ्या स्त्रियाही आहेत. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना नोकर न मानता मानधनी मानले जाते, तरी त्यांना १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा केंद्राने मान्य केली आहे. खासगी शाळांतील शिक्षिकांना १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याचा आधार आहे. पण त्याच कायद्यात दोन वर्षांच्या परिविक्षेत असमाधानकारक कामाबद्दल एक महिन्याच्या नोटिशीने काढण्याची मुभा आहे, आणि नव्या लग्नाच्या शिक्षिकेचे पहिले बाळंतपण बहुधा याच दोन वर्षांत येते.

या साऱ्या कायद्यांत एक गोष्ट समान आहे: मुदती. १९६१ च्या कायद्याखाली अपिलाला साठ दिवस. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली तक्रारीला नव्वद दिवस. शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवस. पहिले बाळंतपण माहेरी होते, नोटीस मात्र सासरच्या पत्त्यावर येते. बाई सव्वा महिन्याने बाहेर पडते तोवर शाळा न्यायाधिकरणाची मुदत उलटून गेलेली असते. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी बाळंतिणीचा पंचांगाप्रमाणे विचार केला असता तर मुदतीची मोजणी रजा संपल्याच्या दिवसापासून धरली असती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा अधिनियम आणि १९४८ चा विमा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले आहेत. बाराव्या कलमाचा आशय संहितेच्या प्रसूती लाभाच्या प्रकरणात आला आहे. पुराव्याचा भार मात्र जिथे होता तिथेच आहे. तोवर आपल्या भगिनींनी इतके तरी करावे: रजेची सूचना लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, पत्रव्यवहाराचा पत्ता माहेरचा असेल तर तो त्याच सूचनेत लिहावा, आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी हजर झाल्याचा अर्ज द्यावा.